झाकण जड आहे

४ मार्च

बारक्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या गॅरेजवाल्या मित्राकडे देते आहे. तू कुठे राहतोस ते त्याला विचारलं तर तो गाडीखाली शिरला आणि तिथूनच म्हणाला, "ताई, पोचवतो, पण मला काही विचारू नका." बरं म्हटलं. त्याची काय चूक.

अक्षर वाकडं येतंय. पेन खराब आहे.

फक्त कामाचं लिहिते. म्हशींची पुढची खेप करायची आहे. आई अजून त्या नावावरून बोलते. मांस धुरावर शिजवायच्या भट्टीला म्हैस कोण म्हणतं, म्हणे. मी म्हटलं, काळी आहे, जड आहे, एकदा परसात बसली की उठायचं नाव घेत नाही, मग दुसरं काय म्हणायचं. तर म्हणते, म्हैस आहे तर दूध कुठाय, नुसता धूर. असो. आई बरी आहे.

कारखान्यात मिस्त्री म्हणाले, नकाशा तयार आहे, आहे तशीच करून टाकू. मी म्हटलं, थांबा. ज्यांच्या परसात ती बसली आहे त्यांना आधी विचारू, काय बदलून हवंय. पत्रा एकदा कापला की कापला. म्हणून मी आता एकेका गिऱ्हाइकाकडे जाते आहे. तुझा नकाशा आहे, तेव्हा काय कळतंय ते तुला कळवत राहीन. उत्तराची घाई नाही.

आज कवायतमास्तरांकडे गेले होते. शाळेतून निवृत्त झालेत, पण अजून शिट्टी गळ्यात असल्यासारखे बोलतात. दर रविवारी भट्टी पेटवतात, अख्ख्या गल्लीला खायला घालतात. मी विचारलं, काही त्रास आहे का, तर मला परसात नेलं आणि म्हणाले, "बस गुडघ्यावर."

मी बसले.

"आता त्या जळणाच्या कप्प्यातली राख काढून दाखव."

हात आत गेला, पण राख काही हाती लागेना. कप्प्याला आतून ओठासारखी उभी कड आहे ना, ती आडवी येते. सुपलीत निम्मी आली, निम्मी माझ्या मांडीवर.

"मी पोरांना शिक्षा म्हणून गुडघ्यावर बसवायचो," ते म्हणाले. "ती सगळी फिटली. राखेला खण करा, ओढला की बाहेर येईल असा. टेबलाला असतो तसा."

चाकंही त्यांना पटत नाहीत. अरुंद आहेत, मातीत रुततात. भिंतीपासून जरा लांब न्यायची म्हणून त्यांनी शेजाऱ्यांना बोलावलं, तर चाकं तिथेच रुतली आणि म्हैस अर्ध्या वाटेत बसली ती आजतागायत. आता पायवाट तिला वळसा घालून जाते. मास्तरांना त्याचं फार वाईट वाटत नाही, पण मास्तरीणबाईंनी मला दोनदा सांगितलं.

झाकणाबद्दल काही बोलले का, हे तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. बोलले. "मी उघडतो, व्यायाम होतो. पण ही हात लावत नाही. मी आजारी पडलो तर भट्टी बंद."

मी लिहून घेतलं आणि निघाले.

ताई

१५ मार्च

बारक्या,

आज नर्सबाईंकडे गेले. त्या रुग्णालयात असतात, सुट्टीच्या दिवशी एकट्याच भट्टी लावतात. ती घेतली तेव्हा नवरा होता. आता नाही, म्हणजे आहे, दुसरीकडे आहे. जाताना तो टीव्ही घेऊन गेला. म्हैस त्याला उचलली नाही. "जड असण्याचा तेवढा फायदा झाला," म्हणाल्या. हसल्या नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

त्यांच्याकडे झाकणाच्या कडेने चारी बाजूंनी धूर येतो. शेजारीण कपडे वाळत घालते आणि भिंतीवरून डोळे वटारते. बाईंनी कडेला चांदीच्या कागदाच्या वळ्या करून कोंबल्यात. तिथे फट बुजवायला भट्टीची ती न जळणारी दोरी बसवायला हवी. तापमानाच्या काट्याचंही रडगाणं आहे. तू तो झाकणाच्या माथ्यावर बसवलास आणि मांस असतं खाली जाळीवर. "वर एक सांगतो, खाली वेगळंच चाललेलं असतं. आमच्या मोठ्या डॉक्टरांसारखं," म्हणाल्या. काटा समोरच्या बाजूला, जाळीच्या उंचीवर हवा. चरबी गळून फरशीवर जाते आणि मुंग्यांची रांग थेट स्वयंपाकघरापर्यंत. तिला नळी आणि खाली डबा हवा. हे सगळं करण्यासारखं आहे.

झाकण नर्सबाई काठीच्या टेकूवर ठेवतात. साधी काठी, कसल्याशा झाडूची. माझ्यासमोर त्यांनी झाकण उचललं, काठी लावली आणि डोकं आत घालून जाळी पुसायला लागल्या.

मी म्हटलं, "काठी घसरली तर?"

"आजवर नाही घसरली."

मला तिथे उभं राहवेना. मी जाऊन झाकण खांद्यावर घेतलं आणि त्यांचं पुसून होईपर्यंत तशीच उभी राहिले. त्यांनी फडकं बादलीत टाकलं. मग हात धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "तो हात खिशातून काढा बघू."

त्यांनी उलटापालटा करून पाहिला. विचारलं, "ही दोन बोटं काही सांगतात का?"

"सांगतात की."

"काय सांगतात?"

मी हात मागे घेतला. त्या म्हणाल्या, "गरम भांडं डोळ्यांनी बघून धरत जा. हातावर विसंबू नका." मग चहा ठेवला. कपही त्यांनी माझ्या डाव्या बाजूला ठेवला.

तू काळजी करू नकोस. त्यांचा पेशाच तो, सवयीने विचारतात. हात बरा आहे.

ताई

२९ मार्च

बारक्या,

आज काय लिहायचं ते कळत नाही, तरी लिहिते.

शिंप्यांकडे गेले होते. तेच, नवरा-बायको दोघंही मशिनीवर बसतात, घराच्या पुढच्या खोलीत दुकान. त्यांची म्हैस मागे आहे, कपड्यांना वास लागू नये म्हणून अगदी कुंपणाशी. मी नेहमीसारखं विचारलं, काही बदलून हवं असेल तर सांगा. शिंपी म्हणाला, "आता काही नाही. तुमचा माणूस येऊन गेला ना."

मी विचारलं, "कोण माणूस?"

"नाव नाही सांगितलं. म्हणाला, कारखान्यातून आलोय, झाकणाला आकडा लावायचाय. आपलं वेल्डिंगचं मशीन घेऊन आला होता. काम चोख केलं."

शिंपीण मशीन थांबवून बाहेर आली. ती म्हणाली, "टोपी घातलेली. बारीक आहे हो फार. मी म्हटलं, पाणी तरी घ्या. नको म्हणाला. काम झाल्यावर ते झाकण उघडून आकड्याला लावायचा, काढायचा, परत लावायचा. आम्ही आत जाऊन एक ब्लाउज शिवून आलो तरी हा तेच करतोय."

"आणि काही बोलला?"

"विचारलं त्याने," शिंपी म्हणाला. "या झाकणाने तुम्हाला कुणाला लागलं तर नाही ना. आम्ही नाही म्हटलं. तर म्हणाला, पाहुण्यांना? शेजाऱ्यांना? मी म्हटलं, अरे बाबा, कुणालाच नाही."

मी मागे जाऊन आकडा पाहिला. धुराड्याला जोडलाय. सांधा बघितल्यावर मला कुणी सांगायची गरज नव्हती. शेवटाला तू वेल्डिंगची काडी उचलताना जरा वळवतोस, शेपटीसारखी. बाबा त्यावरून तुला बोलायचे.

शिंपीण म्हणाली, "तुम्हीच पाठवलं होतं ना?"

मी हो म्हटलं. माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की मलाच कळलं नाही. वर हेही म्हटलं की आम्ही सगळीकडेच पाठवतोय.

परत येताना बसमध्ये मी वाट पाहत होते की आता मला राग येईल. नाही तर रडू येईल. काहीच आलं नाही. खिडकीबाहेर एक माणूस आरसा पाठीवर बांधून सायकलने चालला होता, त्यात मागची सगळी रहदारी दिसत होती. माझा थांबा मागे गेला तरी मी तेच बघत होते.

घरी आईने विचारलं, काय म्हणाले शिंपी. मी म्हटलं, खूश आहेत.

एवढंच म्हणते. शिंप्याच्या परसाची वाट तुला सापडली. आपल्या घराची विसरलास.

ताई

६ एप्रिल

बारक्या,

बाकीच्यांना मी फोन करून विचारलं. पाववाल्याकडे तू गेला होतास. त्या तिघा भावांकडे, ज्यांनी मिळून एक घेतली, तिथेही. खानावळवाल्याकडेही. त्याच्या कुत्र्याने तुला चावा घेतला आणि तू कुणाला सांगितलं नाहीस, हेही त्यानेच सांगितलं. इंजेक्शन घेतलंस का, तेवढं कळव. मास्तर आणि नर्सबाई राहिल्यात, आणि मासेवाल्या मावशी.

तेव्हा आता आपण नीट बोलू या. म्हणजे मी बोलते.

पेन खराब नाही. मी डाव्या हाताने लिहिते. उजव्याची शेवटची दोन बोटं जागेवर आहेत, डॉक्टरांनी छान शिवली, पण त्यांना काही कळत नाही. थंड नाही, गरम नाही. मागे स्वयंपाकघरात आई म्हणाली, कसला गं वास येतोय. माझंच बोट होतं ते, गरम भांड्याला टेकलेलं. मी त्या वेळी आईलाच विचारत होते, की चुलीवर काय राहिलं.

त्या दिवसाचं तुला वाटतंय त्याहून मला कमी आठवतं. नवं गिऱ्हाईक आलं होतं. तू झाकण अर्धं उचलून धरलंस, मी आत हात घालून जाळी कशी सरकते ते दाखवत होते. त्याने तुला काहीतरी विचारलं आणि तू वळलास. झाकणाच्या मुठीला चरबी लागलेली होती. एवढंच. आवाज सगळ्यांना आठवतो, मिस्त्री सांगतात की शेजारच्या कारखान्यातली माणसं धावत आली. मला आवाज आठवत नाही.

रुग्णालयात तू माझ्या शेजारी बसला होतास. मग उठून गेलास. मला वाटलं चहा आणायला गेलास. डॉक्टर आले, सोबत कोण आहे विचारलं, तर मी म्हटलं, भाऊ आहे, चहाला गेलाय, येईल आता. मला आत नेलं तेव्हाही मी परिचारिकेला सांगून ठेवलं की तो आला तर त्याला बसवून ठेवा.

मी तुला दोष देत नाही असं लिहिणार होते. ते खरं नाही. झाकण पडलं त्याचा नाही देत. चहाचा देते.

आता आकड्याचं. तुझा आकडा चुकीचा आहे. झाकण पूर्ण उघडलं तरच तो लागतो. पण पूर्ण उघडतं कोण? शिंप्याचं कुंपण मध्ये येतं, पाववाल्याकडे वर छप्पर आहे. लोक अर्धं उचलतात, आत डोकावतात, मांस उलटतात. पडतं ते अर्ध्यावरूनच. माझ्यावरही अर्ध्यावरूनच पडलं. आकडा असता तरी पडलंच असतं. तू एवढी घरं फिरलास, कुत्रा चावून घेतलास, आणि जिथे लागायचं तिथे औषध लावलंच नाहीस.

मिस्त्री आणि मी दुसरं करून पाहिलं. बिजागरीच्या मागे दांडा काढायचा आणि त्याच्या टोकाला लोखंडी ठोकळा. तराजूसारखं. झाकण पातळ करायचं नाही, तुझं ते म्हणणं मला मान्य आहे, जाड आहे म्हणून ताप धरून ठेवतं. पहिला ठोकळा आम्ही जास्तच जड लावला. मिस्त्रींनी कडी काढली तर झाकण आपलं आपण उघडलं आणि मागे जाऊन आपटलं. मिस्त्री म्हणाले, "आतून कुणी उठलं की काय." दुसरा ठोकळा कापून कापून जमवला. आता बोटाने उचललं तरी उचललं जातं, आणि जिथे सोडाल तिथे थांबतं.

मावशींना मी सांगून ठेवलंय, आमचा टोपीवाला आला की मला कळवा. हे तुला आधीच सांगते. म्हणजे यायचं नसेल तर येऊ नकोस.

ताई

२० एप्रिल

बारक्या,

परवाचं सगळं तू पाहिलंस, तरी लिहिते. तुझी नजर सारखी झाकणावर होती. माझ्या बाजूने ते कसं होतं ते तुला माहीत नाही.

मावशींचा निरोप आला तेव्हा मी केस विंचरत होते. मिस्त्रींनी टेम्पो काढला, आम्ही ठोकळा आणि दांडा मागे टाकला. वाटेत मिस्त्री म्हणाले, "पोराला बोलू नका." मी म्हटलं, बोलायचंच आहे. तर म्हणाले, "तसं नाही, बोला, पण बोलू नका."

मावशींच्या अंगणात तू पाठमोरा होतास. मला वाटलं होतं, तुला बघितल्यावर आत काहीतरी हलेल. मी आधी तुझे बूट पाहिले. एकाची नाडी तारेची होती.

तू म्हणालास, "ताई."

"काय करतोयस?"

"आकडा."

"पत्रं मिळाली?"

"हो."

"मग हा काय लावतोयस परत?"

तू म्हणालास, "दुसरं काय लावू."

मी म्हटलं, काढ तो. मिस्त्रींनी ठोकळा आणून ठेवला. तू तो उलटसुलट पाहिलास, दांड्याला हात लावून बघितलास, आणि तुझा तो जुना चेहरा झाला, कुणी आखलेली रेघ चुकली असेल तर होतो तो. म्हणालास, "हा असा सरळ नको, वाकवायला हवा." मिस्त्री म्हणाले, "मग वाकव की." पुढे बराच वेळ फक्त कामाचंच बोलणं झालं, आणि मला बरं वाटत होतं. म्हणजे बरंही नाही, पण काही करायचं होतं.

जोडून झाल्यावर तू झाकण अर्ध्यावर धरलंस. तेव्हा मी उजवा हात कडेखाली ठेवला. आधी ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, "सोड."

"हात काढ, ताई."

"सोड म्हणते ना."

तू सोडलं नाहीस. तुझ्या हातांत झाकण हलत होतं, आणि मला त्या हलण्याची भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मी शेजारच्या टोपलीकडे बघत होते. मिस्त्रींनी तोंड फिरवलं होतं. मी पुन्हा म्हटलं, सोड, तू नुसती मान हलवलीस. आपण दोघं तिथे किती वेळ उभे राहिलो असतो कुणास ठाऊक. मी हात काढणार नव्हते आणि तू सोडणार नव्हतास. बाबा म्हणायचे ते खरं, एक दगड आणि दुसरा धोंडा.

मग मावशी आल्या. त्यांना आपलं काय चाललंय ते माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. म्हणाल्या, "माझ्या माशांवर माशा बसायला लागल्या. तुमची सर्कस कधी संपणार?" आणि तुझी बोटं त्यांनी मुठीवरून एकेक करून सोडवली, लहान पोराच्या हातातून कात्री काढतात तशी.

झाकण जरा खाली आलं आणि थांबलं. माझा हात त्याखाली तसाच होता.

मावशी म्हणाल्या, "थांबतंय की. मग काय रडायचं त्यात." तेव्हा मी पाहिलं की तू रडतोयस. मावशींनी मासे जाळीवर मांडायला घेतले आणि मला बाजूला ढकललं. त्यांच्यासाठी ते झाकण आता एक झाकण होतं.

तू टेम्पोत बसशील असं मिस्त्रींना वाटलं होतं. त्यांनी पुढची सीट रुमालाने पुसून ठेवली होती. तू म्हणालास, आधी बाकीच्यांकडचे आकडे काढायला हवेत. बरोबर आहे ते.

आईला सांगितलं, तू भेटलास. तिने विचारलं, "जेवतो का नीट?" मी म्हटलं, बारीक झालाय. तर म्हणाली, "होताच." आणि उठून बाहेरच्या खोलीतली तुझी खुर्ची, जिच्यावर कपड्यांचा ढीग साठला होता, ती मोकळी करत बसली.

ताई

५ मे

बारक्या,

तुझा मित्र काल नकाशा देऊन गेला. या वेळी गाडीखाली शिरला नाही, चहा घेतला. कागदावर दांडा आहे, वाकवलेला, बिजागरी जरा मागे सरकवलेली, सगळी मापं. बाकी एक अक्षर नाही, "ताई" सुद्धा नाही. मिस्त्रींनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "बरोबर काढलंय." कुत्र्याच्या इंजेक्शनचं मित्राने सांगितलं. घेतलंस ते बरं केलंस.

नवी म्हैस उभी राहिली आहे. राखेचा खण झाला. पहिल्यांदा मिस्त्रींनी तो चाकाच्या बाजूने काढला, म्हणजे ओढायचा तर चाकच काढायला हवं. आता समोरून येतो. चाकं रुंद केली. काटा जाळीच्या उंचीवर आणला, झाकणाला दोरी बसवली, चरबीला नळी दिली. मास्तर येऊन पाहून गेले. खण सारखा आतबाहेर ओढत होते. म्हणाले, आमच्याकडच्या जुनीलाही करून द्या. द्यायला हवं.

दांडा अजून लावलेला नाही, म्हणून झाकणही चढवलेलं नाही. मिस्त्री अडून बसलेत की ज्याने कागदावर काढला त्याने लावावा. मी म्हटलं, तो नाही आला तर? ते म्हणाले, तर बिनझाकणाची राहील. येत्या सोमवारी पेटवून पाहायचं ठरवलं आहे. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, आणि तुलाही ये म्हणत नाही. सोमवारी कारखाना उघडा आहे, एवढं कळवते.

एक राहिलं. मावशींकडून निघताना तू माझा हात हातात घेतलास. त्या बोटांपैकी एक दाबलंस आणि विचारलंस, "लागतंय का?" मी हो म्हटलं. तू आणखी जोरात दाबलंस. मी म्हटलं, "हो रे, लागतंय, सोड आता." तुझा चेहरा एकदम सैल झाला. मग तू बस पकडायला गेलास.

ते खोटं होतं. मला काही लागलं नाही. डॉक्टर म्हणतात, कदाचित कधीच लागणार नाही. तू त्या उत्तरावर निर्धास्त होऊन फिरावंस असं मला वाटत नाही, म्हणून लिहिते.

पण मी त्या वेळी खाली बघत होते. तू धरलेलं मला दिसत होतं.

ताई